विलासकाका चुरींचा पेग

काकांच्या पुतणीला बघायला मुलगा आला होता. पोहे झाले, चहा झाला, मुलाच्या आईला मुलीच्या रंगाबद्दल जे म्हणायचं होतं ते काहीही न म्हणता म्हणून झालं. तेव्हा विलासकाकांनी शर्टाच्या खिशातून कॅल्क्युलेटर काढला, मांडीवर ठेवला आणि मुलाला विचारलं, "पगार नको सांगू, तो माहीत हाय. गेल्या तीन वर्षांत तो दरवर्षी किती टक्के वाढला, तेवढं सांग."

मुलगा पतपेढीत कारकून होता. त्याने घाबरून खरं ते सांगितलं. सहा टक्के.

काकांनी हिशेब केला. हॉल, जेवणं, मानपान असा जो काही लग्नाचा खर्च समोरून सुचवला जात होता, तो मुलाच्या चौदा महिन्यांच्या पगाराइतका होत होता. चौदा भागिले सहा. काकांनी कॅल्क्युलेटरचा पडदा मुलाच्या वडिलांकडे वळवला आणि दुःखाने म्हणाले, "दोन पॉइंट तीन. महाग हाय."

लग्न झालं. मुलगी सुखात आहे, जावई सज्जन आहे, दिवाळीला काकांसाठी नेमाने काजूकतली आणतो. काका ती खातात आणि तो गेल्यावर म्हणतात, "पोरगा चांगला हाय. घेतला मातर महागात."

विलास चुरी आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांना लागणारी रसायनं बनवणारा. मी तिथल्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. काकांचं घर एडवणला, समुद्राजवळ, नारळी-सुपारीच्या वाडीत. तिथून रोज तासाभराहून जास्त मोटारसायकल चालवत येतात, आणि आल्या आल्या ड्रम आणि पोती मोजण्याआधी काल रात्री वाचलेल्या कुठल्याशा कंपनीचा वार्षिक अहवाल उघडतात. कंपन्यांना पत्रं पाठवून ते छापील अहवाल मागवून घेतात. वाचून झाले की त्यांच्या पानांत भाकरी गुंडाळतात. कागद गुळगुळीत असल्याने तेल उमटत नाही, हा त्यांच्या मते बऱ्याचशा अहवालांचा एकमेव ठोस फायदा.

काकांच्या आयुष्यात देव आहे, पण तो दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर एक भागाकार आहे. इंग्रजीत त्याचं जे काही लांबलचक नाव आहे, त्याची आद्याक्षरं जोडली की 'पेग' होतं. ही त्या नावाची चूक, काकांची नव्हे. काका चहासुद्धा अर्धा कप घेतात. पण एका सकाळी ते कारखान्याच्या गेटवर खुशीत सांगून गेले की, "आज एक पेग मिळाला, झिरो पॉइंट सहाचा!" आणि गेटवरच्या नव्या सिक्युरिटीने त्यांना परत बोलावून तोंडाचा वास द्यायला लावला. तारापूरच्या हवेत कुणाच्याही तोंडाचा वास कळणं शक्य नसल्याने काका सुटले. पण त्या दिवसापासून पाळीवरचे कामगार त्यांना "काका, आज कितने पेग?" असं विचारायला लागले आणि काका दशांशचिन्हासकट उत्तर द्यायला लागले.

मला त्यांनी तो भागाकार चिकूवर शिकवला. आमच्याकडे सगळं चिकूवरच शिकवतात.

"ताय," ते म्हणाले (मला ते ताय म्हणतात), "समज, चिकूच्या दोन वाड्या विकायला हायत. दोन्हींची किंमत सारखी. यंदाचं उत्पन्न पण सारखं. एकीतली झाडं म्हातारी, दुसरीतली कोवळी, दरसाल जास्त धरणारी. कोणची घेशील?"

"कोवळी."

"मग कंपनी घेताना झाडाचं वय का नाय बघत?"

पुढचं गणित त्यांनी मालपावतीच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. शेअरचा भाव घ्यायचा, त्याला एका शेअरमागच्या वर्षाच्या कमाईने भागायचं. किती वर्षांची कमाई आपण आजच मोजून देतोय, ते कळतं. लोक इथेच थांबतात आणि 'वीसपट? बापरे, महाग!' म्हणून पळतात. काका थांबत नाहीत. आलेल्या आकड्याला ते कमाईच्या वाढीच्या टक्क्याने पुन्हा भागतात. वीसपट भाव आणि वीस टक्के वाढ, तर उत्तर एक. एकच्या खाली स्वस्त, एकच्या वर महाग. दहापट भावाची मरगळलेली कंपनी महाग असू शकते आणि तीसपट भावाची धावणारी कंपनी स्वस्त. मला ते इतकं पटलं की घरी जाऊन मी नवऱ्याला समजावलं. तो म्हणाला, "म्हणजे आपण काय घ्यायचं?" मी म्हटलं, "ते नाही सांगितलं."

कारण ते काका कधीच सांगत नाहीत. आमचा ऑपरेटर यादव वर्षभर त्यांच्या मागे होता. "काका, एक टिप दे दो ना." काकांचं एकच उत्तर. "टिप वेटरला देतात. मी टिप देत नाय. मी टीप वाचतो." यादवला त्यातला ऱ्हस्व-दीर्घ कळायचा नाही. आम्हालाही नंतर कळला, तो फारच महागात.

भागाकाराचं वेड माणसाला कुठे नेतं, त्याचा एक नमुना. दोन वर्षांपूर्वी पगारवाढीची पत्रं वाटली. काकांना चार टक्के मिळाले. दुसरा माणूस असता तर हळहळला असता, किंवा युनियनकडे गेला असता. काका कॅल्क्युलेटर घेऊन एचआरच्या साहेबांकडे गेले आणि त्यांना पटवून द्यायला लागले की, "साहेब, माझ्या कामात वाढ शून्य हाय. पोती तेवढीच, रॅक तेवढेच. शून्याने भागता येत नाय. या रेशोनं मी तुमाला परवडतच नाय." साहेब एमबीए होते. त्यांनी मान डोलावली, 'आपण यावर विचार करू' असं म्हणाले, आणि पुढच्या वर्षी काकांना तीन टक्के दिले. ते पत्र घेऊन काका समाधानाने बाहेर आले. म्हणाले, "कारभार सुधारतोय."

तर अशा माणसाकडून विद्या घेऊन मी हुशार झाले. आणि मे महिन्यात मला ती कंपनी सापडली.

गुजरातकडची, झडपा बनवणारी. कँटीनमध्ये आम्ही तिला झडपवाली म्हणायला लागलो. शेअरचा भाव कमाईच्या अठरापट, आणि वर्षभरातली नफ्याची वाढ साठ टक्के. अठरा भागिले साठ. मी तीनदा केलं. शून्य पूर्णांक तीन. मी हिशेब मांडलेली पावती घेऊन स्टोअरमध्ये धावले. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, मोबाईलवर कंपनीचा निकाल उघडला आणि थेट शेवटच्या पानावर गेले. मराठी माणूस पेपर मागून वाचतो, तसे ते निकाल मागून वाचतात.

"ताय, ही साठ टक्के वाढ आली कुठनं, बघितलंस?"

"विक्री वाढली असेल."

"हितं बघ. टीप नंबर सात. जुन्या कारखान्याची जमीन विकली. तो पैसा नफ्यात धरलाय. जमीन काढ बाहेर. वाढ राहिली पाच टक्के. आणि कमाई कमी झाली म्हणजे भाव अठरापट नाय, सत्तावीसपट. सत्तावीस भागिले पाच कर."

मी केलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "साडेपाचच्या जवळ. भागाकार खोटा नाय बोलत, ताय. आपण त्याला वर-खाली काय देतो त्याच्यावर हाय. मागची वाढ बघून पुढची धरायची, तिथंच माणूस फसतो. नको घेऊ."

आता मला काय वाटलं, ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, म्हातारा जळला. आयुष्यभर शून्य पूर्णांक सहा शोधणाऱ्या माणसाला एका प्रयोगशाळेतल्या बाईने शून्य पूर्णांक तीन आणून दाखवला, ते सहन होईना. टीप नंबर सात म्हणे! सहा टिपा वाचूनही ज्याचं पोट भरत नाही, अशा माणसाचं काय ऐकायचं?

मी घेतले. मुलीला पालघरच्या कॉलेजात जायला स्कूटी घ्यायची होती, तिचे पैसे घातले. मी कँटीनमध्ये सांगितलं, तर यादवनेही घेतले. त्याने गावच्या घराला पक्कं छप्पर घालायचं ठरवलं होतं, तेच पैसे. त्याच्या मागोमाग पॅकिंगमधले, बॉयलरवरचे, टाइम ऑफिसमधले. आठवड्याभरात आमच्या कँटीनचं मधलं टेबल म्हणजे झडपवालीची छोटीशी सर्वसाधारण सभा झाली.

काका दोनदा सांगायला आले. पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांसमोर टीप वाचून दाखवली. यादव म्हणाला, "काका, आप पेग गिनते रहो, हम पीते हैं." सगळे हसले. मी सगळ्यांत जोरात. दुसऱ्यांदा ते आले तेव्हा कुणी सरकून जागा दिली नाही. ते थोडा वेळ डबा हातात धरून उभे राहिले आणि परत गेले.

आणि भाव वाढायला लागला! दोन महिने वाढला. रोज दीड वाजता आम्ही डबे उघडायच्या आधी मोबाईल उघडायचो. वर गेला की टेबल बडवायचो, टाळ्या वाजवायचो. एकदा मी पेढे आणले आणि कागदी बशीत घालून मुद्दाम स्टोअरमध्ये नेऊन दिले. "काका, झिरो पॉइंट तीनचे पेढे." त्यांनी अर्धा खाल्ला. म्हणाले, "साखर जास्त हाय." मी ही गोष्ट टेबलावर येऊन नक्कल करून सांगितली. फार हशा झाला.

काका कँटीनमध्ये यायचे बंद झालेत, हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. लक्षात आलं तेव्हा मोबाईलवर भाव वर होता, त्यामुळे विसरलेही.

ऑगस्टमध्ये तिमाहीचा निकाल लागला. त्या तीन महिन्यांत कंपनीने झडपा विकल्या, जमीन काही विकली नाही. वाढ पाच टक्केसुद्धा नव्हती. दोन आठवड्यांत भाव निम्म्यावर आला. माझ्या शेअरच्या कृपेने माझी मुलगी अजून शेअर रिक्षानेच स्टेशनला जाते. यादवने गावी फोन करून सांगितलं की यंदा छपरावर ताडपत्रीच घाला. दीड वाजता सगळे आपापल्या डब्यात बघून जेवायला लागले. मला वाटलं, आता काका येतील. दारात उभे राहून टीप नंबर सात वाचतील. त्यांचा तो हक्कच होता. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. काका आले नाहीत. माझ्याशी बोलले ते फक्त नमुन्याच्या बाटल्यांबद्दल.

सप्टेंबरात झडपवालीची वार्षिक सभा आली. आता या सभा मोबाईलवर होतात, कुणीही भागधारक घरबसल्या बघू शकतो. सभा नेमकी जेवणाच्या सुट्टीत होती. यादव म्हणाला, "चलो, चेअरमन का मुँह तो देखें." आम्ही त्याचा मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि भोवती बसलो.

आधीपासून नाव नोंदवलेल्या भागधारकांना दोन-दोन मिनिटं बोलायला देत होते. पहिल्या गृहस्थांनी चेअरमनसाहेबांच्या दूरदृष्टीला वंदन केलं. भाव निम्म्यावर आलेला असताना एवढ्या लांबचं दिसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. दुसऱ्या बाईंनी दिवाळीला मिठाईचा डबा पाठवणार का, असं विचारलं. मग सूत्रसंचालक म्हणाला, "नेक्स्ट स्पीकर, श्री विलास चुरी, एडवण."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

कँटीन आणि स्टोअर यांच्यामध्ये फक्त प्लायवूडचा पडदा आहे. त्यामुळे काकांचा आवाज आधी भिंतीतून आला आणि मग एका सेकंदाने मोबाईलमधून. मोबाईलमध्ये ते दिसतही होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे रॅकवर कॉस्टिकची पोती.

"चेअरमन साहेब, नमस्कार. जमीन एक ही बार बिकती है. आपने वो बेच के साठ टक्का वाढ दिखाई. अगले साल क्या बेचोगे? खुर्च्या?"

यादवने टेबलावर हात आपटला. कुणीतरी त्याला गप्प केलं.

"हमारे इधर एक आदमी घर पे छप्पर डालनेवाला था. एक लडकी को स्कूटी लेना था. गरीब लोग पहिला पान पढते हैं, साहेब. आपने टीप बारीक अक्षर में छापी. मेरा एक ही मागणं है. जो बात सबसे बडी है, वो सबसे मोठ्या अक्षरात छापो. और दुसरी बात..."

"थँक यू, चुरीजी, आपके अमूल्य सुझाव के लिए धन्यवाद," सूत्रसंचालक म्हणाला आणि त्यांचा माईक बंद केला.

मोबाईलमध्ये काकांचे नुसते ओठ हलत होते. भिंतीपलीकडून मात्र आवाज येतच होता. त्यांना कळलंच नव्हतं. पूर्ण दोन मिनिटं ते आमच्याबद्दल बोलत राहिले, पॅकिंगमध्ये कोण आहे, कुणाच्या घरी काय अडलंय, आणि ते फक्त आम्हीच ऐकत होतो. माझ्या मुलीचं कॉलेज सकाळी साडेसातला भरतं आणि रिक्षा भरेपर्यंत तिला अर्धा तास उभं राहावं लागतं, हेही त्यांना ठाऊक होतं. मी ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं. टेबलावर यादवला सांगत असेन, केव्हातरी.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. यादवने मोबाईल उचलला आणि हात धुवायला गेला.

मी स्टोअरमध्ये गेले. काका चष्मा पुसत होते.

"काका, तुम्ही यांचे शेअर कशाला घेतलेत?"

"एक घेतला. प्रश्न विचारायला एक लागतोच," ते म्हणाले. "नायतर आत घेत नाय."

मला पटलं. हे त्यांना शोभणारं होतं. शत्रूच्या घरात शिरायला एका शेअरचं तिकीट. मी कौतुकाने त्यांच्या मोबाईलकडे बघितलं. सभेतल्या ठरावांवर मत द्यायचं पान उघडं होतं. एका शेअरला एक मत. काकांच्या नावापुढे लिहिलं होतं, मतं दोनशे.

त्यांनी मोबाईल पालथा घातला. उशीर झाला होता.

"कधी घेतलेत?"

एक पोतं सरळ होतं, ते त्यांनी आणखी सरळ केलं.

"तू पेढे आणलेस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"अहो, पण तुम्हाला तर माहीत होतं! तुम्हीच सांगितलंत, साडेपाच येतो म्हणून!"

"माहीत होतं ना. आता बी माहीत हाय." त्यांनी प्लायवूडच्या पडद्याकडे हात केला. "तुमी सगळे दीड वाजता टाळ्या वाजवायचे. हितं सगळं ऐकू येतं. भाव किती झाला ते माज्याजवळ मोबाईलवर असायचंच. पण माझा नसला भाव, तर मी हितं बसून कशाला खूश व्हायचं? म्हणून घेतले. मग तुमी वाजवलं की मी पण हितं..." त्यांनी पोत्यावर बोटांनी हळूच दोनदा टकटक केलं. "आणि पडला तेव्हा पण बरं वाटलं. सगळ्यांचा पडला तसा माझा पण पडला."

माझ्याकडे जे तयार उत्तर होतं, ते या प्रश्नाचं नव्हतं.

मी परत गेले आणि माझा डबा घेऊन आले. स्टोअरमध्ये स्टूल एकच. ते त्यांनी मला दिलं आणि स्वतः पोत्यावर बसले. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी होती आणि सुकटीची चटणी. न विचारता त्यांनी निम्मी चटणी माझ्या झाकणावर घातली.

मग ते म्हणाले, "ताय, तुज्या पोरीला खायला काय आवडतं गं?"

बारा वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याच्यात कसला हिशेब नव्हता.

"भरलेलं पापलेट," मी म्हटलं.

"मग रविवारी घेऊन ये तिला एडवणला. बोटी लागल्या की ताजं मिळतं, मी आणून ठेवीन." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. "आई गेली, बायको गेली, भाऊ विरारला राहायला गेला, पोरगी तिच्या घरी. घरात सहा ताटं हायत. पाच नुसती पालथी पडलेली असतात."